ग्रंथालयात कोरियन-मराठी काव्यवाचन व्हावे

महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयात कोरियन आणि स्थानिक कवींनी एकत्र बसून कविता वाचाव्यात, ही कल्पना ठाण्यात सहज रुजेल असे वाटते. कारण १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय याच शहरात आहे आणि कोरियन मालिकांमुळे त्या भाषेचा नाद येथील तरुणांच्या कानांना आधीच परिचित झाला आहे. कोरियातील ‘सिजो’ हा जुना काव्यप्रकार तीन ओळींचा असतो. प्रत्येक ओळीत साधारण १४ ते १६ अक्षरे, तिसरीच्या आरंभी आशयाला कलाटणी, आणि परंपरेने तो गायलाही जातो. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या अभंगावर पोसलेल्या श्रोत्याला हे गणित फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र कविता आधी मूळ कोरियनमध्येच ऐकवावी आणि तिचे मराठी भाषांतर छापून श्रोत्यांच्या हाती द्यावे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय भाषणात तासभर गेला (आपल्याकडे तो जातोच), तर कवींच्या वाट्याला जेमतेम पाच-पाच मिनिटे उरतात. शिवाय कार्यक्रम रविवारी ठेवावा, म्हणजे रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांनाही येता येईल.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे