यादीतली तीन पुस्तकं खोड

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

शेअर बाजार शिकायला म्हणून तू पाठवलेली सात पुस्तकांची यादी बघितली. शेअरमध्ये घालायचा हा पैसा पंधरा-वीस वर्षं हलवायचा नाही असं तूच म्हणालास, मग कॅन्डलचे आकार (भावाच्या आलेखातल्या पट्ट्या), इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि ऑप्शन (पुढच्या भावावरचे सौदे) शिकवणारी तीन आत्ताच खोडून टाक. ती वाचली की नुसते हात शिवशिवतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेला अभ्यास सांगतो की, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटाच झाला.

उरलेली चार दुकानात हातात घेशील तेव्हा आधी अनुक्रमणिका उघड आणि रोख प्रवाह पत्रकाला (वर्षभरात पैसा प्रत्यक्ष किती आला-गेला याचा तक्ता) किती पानं दिली आहेत ते बघ. नफा-तोटा पत्रक सगळेच शिकवतात, पण फसगत तिथे कळत नाही. समज, कंपनीने 100 कोटी नफा दाखवला. वर्षाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकांकडून 40 कोटी येणं होतं, अखेरीस ते 110 कोटी झालं. म्हणजे 70 कोटींचा माल गेला, पण पैसे आलेच नाहीत. बाकी सगळं आहे तसंच धरलं तर हातात पडले 30 कोटी. असं दोन-तीन वर्षं चाललं की कंपनी कर्ज काढून पगार करते, आणि नफ्याचा आकडा तरी चढताच दिसतो. हे उदाहरण घेऊन समजावणारं पुस्तक जाड असलं, भाषा जरा रुक्ष असली, तरी घे.

मग छपाईचं साल बघ. शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकल्यावर होणाऱ्या, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही असं लिहिलं असेल तर ते 2018 पूर्वीचं आहे. एप्रिल 2018 पासून 1 लाखावरच्या नफ्यावर 10 टक्के कर आला, आणि 23 जुलै 2024 पासून 1.25 लाखावर 12.5 टक्के. करावरचं प्रकरण शिळं म्हणून पुस्तक टाकू नकोस, तेवढंच प्रकरण सोड. 2008 मध्ये सेन्सेक्स जानेवारीत 21 हजारांवर होता आणि ऑक्टोबरमध्ये 8 हजारांच्या खाली जाऊन आला. त्यानंतर लिहिलेलं असूनही त्या पडझडीबद्दल ज्यात अवाक्षर नाही, ते मात्र परत ठेव. तुझ्या वीस वर्षांत असा प्रसंग येणारच, आणि तेव्हा काय करायचं हे आधी वाचलेलं असावं लागतं.

बेंजामिन ग्रॅहमचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ 1949 चं, त्याने स्वतः शेवटचं सुधारलं 1973 मध्ये. त्यातलं आठवं आणि विसावं प्रकरण आधी वाच. अमेरिकी रोख्यांची पानं भराभर उलटलीस तरी चालेल. फिलिप फिशरच्या 1958 च्या ‘कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स’ या पुस्तकात कंपनीला विचारायचे 15 प्रश्न आहेत. चौदावा वहीत उतरवून घे: सगळं ठीक असताना भरभरून बोलणारं व्यवस्थापन अडचणीत गप्प बसतं का?

पण या दोघांत आपल्याकडची एक गोष्ट सापडणार नाही, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्या मालकांनी, कर्जासाठी गहाण ठेवलेले आपले शेअर. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, ते मिळालं नाही की गहाण शेअर बाजारात विकतो, आणि भाव आणखी कोसळतो. म्हणून एक पुस्तक भारतीय कंपन्यांवरचं हवंच. गहाणाचा आकडा दर तिमाहीला बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर, भागधारणेच्या तक्त्यात फुकट मिळतो.

मराठी अनुवाद घेणार असशील तर एक तपास. विक्री आणि नफा या दोन्हींना अनुवादकाने ‘उत्पन्न’च म्हटलं असेल तर ते घेऊ नकोस. पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा, काढताना भागायचं कशाने हेच कळणार नाही, आणि विक्रीने भागलंस तर महागडा शेअरही स्वस्त दिसेल.

वर्षाला दोन पुस्तकं पुरेत. प्रत्येक प्रकरणासोबत एकाच कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा ठेव. तो अख्खा छापू नकोस. लेखापरीक्षकाचा अहवाल, रोख प्रवाह आणि संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांचे नातेवाईक, त्यांच्याच इतर कंपन्या) झालेले व्यवहार एवढीच पानं काढ आणि पेन्सिल घेऊन बस. एका वर्षाच्या अहवालावर थांबू नकोस, मागच्या नऊ वर्षांचे पण डाउनलोड करून घे.

ग्रॅहम विकत घेऊ नकोस. माझ्या कपाटात आहे, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई