मुलाचे रक्त वडिलांना नको

संपादक महोदय,

मे महिना आला की ‘राज्यात रक्ताचा तुटवडा’ ही बातमी ठरलेली असते. दिवाळीतही तेच. महाविद्यालये बंद, माणसे गावाला, शिबिरे नाहीत. बातमीत अपघातग्रस्तांचा आणि बाळंतिणींचा उल्लेख असतो. पण ज्या घरांना महिनोन्‌महिने, आठवड्याला एक-दोनदा रक्तघटक लागतात त्यांच्याविषयी फारसे लिहून येत नाही. ॲप्लास्टिक ॲनिमिया हा तसा आजार. यात हाडांतली मज्जा रिकामी होत जाते, तिच्या जागी चरबी दिसू लागते आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट हे तिन्ही आकडे घसरतात. बहुतेक वेळा शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जेवर उलटलेली असते. हा कर्करोग नाही, संसर्गजन्य नाही आणि खजूर-बीट खाऊन भरून येणारा अशक्तपणाही नाही. तरुणपणी आणि साठीनंतर असा दोन टप्प्यांवर तो जास्त आढळतो. साठीनंतरच्या रुग्णाची धावपळ मुलांच्या अंगावर येते, म्हणून हे पत्र त्या मुलांसाठी.

निदान कळताच मुलगा किंवा मुलगी बाही वर करते. “माझे घ्या, आमचा ग्रुप एकच आहे.” नेमके इथेच थांबायचे. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाशी बऱ्याच जुळत्या असतात. कधी कधी रुग्णाचे शरीर त्यांना परके म्हणून ओळखतच नाही. त्या तिथे ठाण मांडतात आणि त्वचा, यकृत, आतडी, उरलीसुरली मज्जा यांच्यावर हल्ला चढवतात. हे क्वचित घडते, पण घडले तर रुग्ण बहुधा वाचत नाही. दुसरे कारण पुढचे आहे. कधी मज्जा प्रत्यारोपणाची वेळ आलीच तर दाता घरातलाच असू शकतो: सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के, आणि मुले तर अर्धी जुळतातच. त्याच माणसांचे रक्त आधी चढवलेले असेल, तर रुग्णाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होऊन नवी मज्जा नाकारली जाऊ शकते. म्हणून मुलांनी रक्त जरूर द्यावे, पण ते रक्तकेंद्राच्या साठ्यात, दुसऱ्या कुणासाठी. वडिलांसाठी येणारी पिशवी परक्या माणसाची, पांढऱ्या पेशी गाळलेली आणि विकिरण केलेली, म्हणजे उरल्यासुरल्या पांढऱ्या पेशी किरणांनी निष्प्रभ केलेली असावी. विकिरणाचे यंत्र प्रत्येक रक्तकेंद्रात नसते. ते आपल्या जिल्ह्यात कुठे आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे.

आता दाते. ‘अर्जंट प्लेटलेट पाहिजेत, कृपया फॉरवर्ड करा’ असा निरोप गेला की एका दिवशी चाळीस जण फोन करतात आणि सहाव्या दिवशी एकही नसतो. प्लेटलेटची पिशवी 20 ते 24 अंश सेल्सियसला, सतत हलती ठेवून, पाच दिवसच टिकते. चाळीस जणांचे दान साठवून ठेवताच येत नाही. त्यामुळे गर्दीपेक्षा तारखा महत्त्वाच्या. हिशेब साधा आहे. आठवड्याला दोन पिशव्या धरल्या तर महिन्याला आठ-नऊ. प्रत्येक दात्याने महिन्यातून एकदा यायचे म्हटले तर बारा नावे पुरतात, त्यात तीन राखीव. यंत्रावर, म्हणजे रक्तातल्या फक्त प्लेटलेट काढून बाकीचे रक्त परत मिळते अशा पद्धतीने, प्लेटलेट देणारा दाता 48 तासांनी पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात 24 वेळा. पण नियमात बसते म्हणून कुणाला इतके ताणू नये. शंभर पानी वही घ्या. नाव, गट, वजन, मागच्या दानाची तारीख, पुढची तारीख, कचेरीतून कधी सुटका होते, इतके रकाने पुरेत. निरोप पाठवायचाच झाला तर त्यात रुग्णाचा गट, रक्तकेंद्राचे नाव आणि ‘अमुक तारखेपर्यंतच’ हे शब्द हवेत. नाहीतर वर्षभराने, रुग्ण बरा झाल्यावर किंवा गेल्यावरही, फोन वाजत राहतो.

दाता केंद्रावर जाऊन परत फिरतो त्याची कारणे आधीच विचारता येतात. वजन 50 किलोच्या खाली, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली, तीन दिवसांत घेतलेली ॲस्पिरिनची गोळी, वर्षभरात गोंदवलेला टॅटू, हाताची बारीक शीर. चतुर्थीचा उपास धरून कुणी येऊ नये. तसेच वडापाव किंवा मिसळ खाऊनही नको, कारण तळलेल्याने प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) दुधाळ होतो आणि पिशवी बाद होऊ शकते. इडली किंवा पोळी-भाजी आणि भरपूर पाणी ठीक. यंत्रावर तास-दीड तास जातो, तपासण्या धरून अर्धा दिवस मोकळा ठेवायला सांगा. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर नर्सला सांगायचे. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या द्रवामुळे कॅल्शियम थोडे उतरते, त्यावर उपाय असतो.

एका दात्याची यंत्रावर घेतलेली पिशवी, जिला सगळे एसडीपी म्हणतात, रुग्णाच्या प्लेटलेटचा आकडा साधारण 30 ते 50 हजारांनी चढवते. रक्तातून वेगळी काढलेली साधी पिशवी पाच ते दहा हजारांनी. पिशवी लागल्यावर तासाभराने पुन्हा मोजणी करून घ्यावी. सलग दोनदा आकडा हललाच नाही तर दाता वाईट नव्हता. रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे झाली असण्याची शक्यता आहे. ते न तपासता आणखी दाते धावत आणण्यात अर्थ नाही.

पिशवी रक्तकेंद्रातून वॉर्डात आणण्याचे काम पुष्कळदा नातेवाइकांकडेच येते, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. तांबड्या पेशी बर्फाच्या पॅकसह थंड पेटीत आणायच्या असतात. प्लेटलेटची पिशवी त्याच पेटीत ठेवली तर गारव्याने निकामी होते. दोन्ही एकदम आणायच्या असतील तर पेट्या दोन. मे महिन्यात रिक्षात मांडीवर उन्हात धरून आणणेही तितकेच वाईट. निघण्यापूर्वी लेबलवरचे नाव, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत आणि विकिरणाचा शिक्का वाचून घ्यावा. वॉर्डात पोचल्यावर पिशवी तिथल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवू देऊ नये. तांबड्या पेशी अर्ध्या तासात सुरू व्हाव्यात आणि चार तासांत संपाव्यात. पहिली पंधरा मिनिटे चहाला जाऊ नका. हुडहुडी, कंबरेत कळ, अंगावर गांध्या, धाप यांतले काहीही दिसले तर पिशवी थांबवा म्हणून ओरडले तरी चालेल.

उपचाराबद्दल. चाळिशीच्या आत पूर्ण जुळणारे भावंड असेल तर प्रत्यारोपण आधी विचारात घेतात. साठीच्या रुग्णाला सहसा आधी औषधे. मज्जेवर उलटलेल्या पेशींना आवरणारे एटीजी हे औषध शिरेतून चार दिवस देतात आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या व मज्जेला चालना देणाऱ्या एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या असतात. प्रकृती नाजूक असेल तर गोळ्यांवरच भागवले जाते. एटीजी घोड्यापासून बनते आणि सशापासूनही. 2011 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला 68 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, सशाच्या एटीजीला 37 टक्के. कुठले देणार, हे विचारण्यात संकोच नको. ते दिल्यानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला ताप, सांधेदुखी, पुरळ येऊ शकते. तोवर रुग्ण घरी आलेला असतो, म्हणून हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. महिन्याभरात ‘फरकच नाही’ म्हणून औषध बदलणारी, वैद्य बदलणारी घरे पुष्कळ. त्यात मध्येच भस्मे आली तर यकृत-मूत्रपिंडाचे आकडे कशाने बिघडले हेच कळेनासे होते.

गोळ्यांत दोन बारकावे. सायक्लोस्पोरिन बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच वेळी. रक्तातली पातळी तपासायच्या सकाळी नमुना आधी द्यायचा, गोळी नंतर. घरून गोळी घेऊन आलेल्या रुग्णाचा आकडा खोटा चढा येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. त्या दिवशीची गोळी डबीत घालून सोबत न्यावी. गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारे पपनस आणि ग्रेपफ्रूट या औषधावर असताना वर्ज्य, त्याने पातळी वाढते. तीच गोष्ट खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरने दिलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनची. रक्तदाब घरी मोजावा, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वेळच्या वेळी तपासावे, हिरड्या सुजल्या तर सांगावे. एल्ट्रोम्बोपॅगचे भांडण दुधाशी आहे. कॅल्शियम, लोह, आम्लपित्ताचे औषध यांच्या आधी किमान दोन तास किंवा नंतर चार तास, रिकाम्या पोटी ही गोळी घ्यायची. सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर घेतली तर मोठा भाग वाया जातो. त्यापेक्षा रात्री साडेसातला दही-ताकाविना जेवण आणि साडेअकराला गोळी, ही वेळ बऱ्याच घरांना जमते. यकृताच्या तपासण्या मात्र चुकवू नयेत.

रिपोर्टवर एक आकडा स्वतः काढायला शिकावे. एकूण पांढऱ्या पेशी 1,800 आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) 20 टक्के, तर लढणाऱ्या पेशी 360. हा आकडा 500 च्या खाली असताना 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे रुग्णालय, त्याच तासाला. ‘क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य या आजारात सगळ्यात घातक. पॅरासिटामॉलने ताप दबतो, जंतू नाही. रुग्णालयात पोचल्यावर जंतू शोधण्यासाठी रक्ताचा कल्चर नमुना आणि तासाभरात शिरेतून प्रतिजैविक, एवढे झाले पाहिजे. म्हणून दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवावी: फाइल, औषधांची यादी, आधार, शिधापत्रिका, चार्जर, एक चादर. फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगावे की दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नाही, एनिमा नाही, डायक्लोफेनॅक-ॲस्पिरिन नाही.

रक्तस्रावाच्या खुणा नडगीवर आधी दिसतात: टाचणीच्या टोकाएवढे, दाबले तरी न विरणारे लाल ठिपके. तोंडात आतून काळपट फोड आले तर त्याच दिवशी दाखवावे. डांबरासारखी शौच किंवा उलटीसह तीव्र डोकेदुखी असेल तर लगेच. नाक फुटले तर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरायचा, मध्ये सोडून बघायचे नाही. ब्रश अगदी मऊ, आणि पोट साफ राहील याकडे लक्ष. कुंथण्यानेही रक्त येते.

घरात कोशिंबीर, मोड आलेले कच्चे कडधान्य, उसाचा रस, बाहेरची चटणी बंद. साल काढून खाण्याची फळे चालतात. तुळशीची माती उकरणे, निर्माल्य चिवडणे, कबुतरांची गॅलरी, धान्याची जुनी कोठी झाडणे ही कामे रुग्णाने करू नयेत, त्यात बुरशी असते. दसरा-दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा आई-वडिलांना दोन दिवस दुसऱ्या घरी ठेवा. नातवाला पोलिओचे थेंब दिले असतील तर काही आठवडे त्याचे लंगोट आजीने बदलू नयेत.

आणि लोह. येणारा प्रत्येक जण खजुराचा डबा आणतो. प्रेम समजते, पण तांबड्या पेशींच्या एका पिशवीतूनच 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. पंधरा-वीस पिशव्यांनंतर फेरिटिन (साठलेल्या लोहाचा आकडा) तपासावे लागते. 1,000 च्या वर गेले की लोह उतरवणाऱ्या औषधाचा विचार होतो. रक्तवाढीचे टॉनिक तर कपाटातून काढूनच टाकावे. डेंग्यूतली ऐकीव युक्ती म्हणून पपईच्या पानांचा रसही इथे निरुपयोगी.

पैशांचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या उपचाराचे पॅकेज आहे का, हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. मंजुरीआधी भरलेली बिले परत मिळवण्याचे काम कठीण. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात; त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ताजा हवा. ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत आहे, त्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय देते. बाहेरगावाहून मुंबई-पुण्याला येणाऱ्यांना हे बहुधा तिसऱ्या फेरीत कळते.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना होणारी शिबिरे एकाच तारखेला शेकडो पिशव्या गोळा करतात. त्यांतल्या प्लेटलेट आठवडाही टिकत नाहीत आणि तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस. अशा शिबिराची बातमी छापताना पुढचे शिबिर कधी, ही ओळही छापावी. आणि मे महिन्यात तुटवड्याची बातमी द्याल, तेव्हा तिच्याखाली जिल्ह्यात यंत्रावर प्लेटलेट घेणारी केंद्रे आणि त्यांच्या वेळा द्याव्यात.

– रक्तविकाराच्या रुग्णांबरोबर काम करणारे काही वैद्यकीय समाजसेवक, पुणे