घोडी ठरली

सातारा,
9 जून

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

घोडी ठरली रे! काल इसार दिला. बाकीचे पैसे रक्ताचा अहवाल हातात आल्यावर. पण त्याआधी दोन घोडे सोडले, ते का, हे तुला सांगायलाच हवं. पुढच्या वर्षी तूही घेणार म्हणतोस ना.

पहिला पाचगणीचा. पावसाळा तोंडावर आला की टेबललँडवरची गिऱ्हाइकं आटतात, दाणावैरण मात्र रोज लागते, म्हणून या दिवसांत तिथे घोडे विकायला निघतात. हा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, अंग नुसतं चकाकत होतं. मालक अंगावरच्या केसांचा एकेक भोवरा दाखवून त्याचं शुभ-अशुभ फळ सांगत होता. पठारावर घोडा झकास चालला. मी म्हटलं, एकट्याला खालच्या पायवाटेने नेऊन बघतो. पन्नास पावलांवर अडला. टाच लावली तर मागे सरकू लागला, खिंकाळून सारखा पठाराकडे वळायचा. त्या जनावराचा काय दोष? वर्षानुवर्षं चार घोड्यांच्या रांगेत तोच फेरा मारलेला. रानवाटेने एकटं जायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरा वाईकडच्या एका गावात. कळवून गेलो, तर खोगीर घालून तयार, अंगाला घामही आलेला. चालला मात्र सुरेख. मन खात होतं, म्हणून दोन दिवसांनी न सांगता भल्या पहाटे गेलो. थंड अंगाने, कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायला लावला. डावा पुढचा पाय टेकला की मान वर उडायची. पुढचा पाय दुखत असला की घोडा तो टेकताना डोकं वर घेतो, हे तूही लक्षात ठेव. परवा सुई देऊन दुखणं दाबलं होतं का, विचारलं. उत्तर मिळालं नाही. मला राग त्या माणसापेक्षा त्या मुक्या जनावरासाठी आला.

ही घोडी फलटणकडच्या एका धनगर कुटुंबाची. भीमथडी या दख्खनी जातीच्या वळणाची, ठेंगणी, खूर काळे आणि टणक. दरवर्षी मेंढरांमागे घाट उतरून कोकणात आणि परत. पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं. खोगीर घालायला गेलो तर घरातल्या आजींनी आधी तिच्या पाठीवरून तळहात फिरवला, एक काटकी काढून टाकली, मग म्हणाल्या, "आता ठेव." ओढ्यापाशी घोडीने मान खाली घातली, पाणी हुंगलं, नाकातून फुर्र केलं, एक खूर टाकून तळ चाचपला आणि पार झाली. मी लगाम ढिला सोडून बसलो होतो. मागे एकही घोडं नव्हतं.

वय मालक आठ म्हणाला. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी खाच नुकती दिसू लागलीय, म्हणजे दहाच्या आसपास. मला चालेल. डोंगरासाठी शहाणं जनावर हवं, कोवळं नको.

वजन काढायला टेपने मापं घेतली. छातीचा घेर 160 सेंटिमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी 148. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11880. वजन आलं साधारण 319 किलो. ओझं त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे 63-64 किलो. मी 55 आणि खोगीर 8, अगदी काठावर बसतो. तू 80 किलोचा, तेव्हा तुला तिच्यावर बसू देणार नाही. रागावू नकोस, सज्जनगडाकडे जाताना दोघेही पायी जाऊ, ती आपला डबा आणि पाणी घेईल.

रक्त ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी तपासायला दिलंय. हा रोग माणसालाही होतो आणि लागण निघाली तर जनावर कायद्याने मारावं लागतं, म्हणून कुणी कितीही घाई केली तरी इथे थांबायचं. सर्रा, म्हणजे चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, त्याचीही तपासणी सांगितलीय. पावसात डास-माश्या वाढायच्या आत गोठ्याला जाळी लावतोय, धनुर्वाताची लसही टोचून घेईन. नालबंद म्हणाला, खूर चांगले आहेत, डांबरी रस्त्यावर फार नेणार नसशील तर नाल नको.

अहवाल आला की लगेच कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता