पिवळं नाक

चि. सायली, अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून व्हॉट्सॲपवरच लिहितेय. काल माझा आवाज चढला. तू हौसेने नव्या घराचे फोटो पाठवलेस आणि मी आधी टेबलावरचा गुच्छच बघितला. "तुला कशाचं कौतुकच नाही," म्हणालीस. आहे गं. स्वतःच्या पगारातून घर लावलंस, पडदे किती शोभतात! पण लिलीच्या फुलांना नाक लावून बसलेली ढमी दिसली आणि पोटात गोळाच आला.

लिलीचं पान चावलं, अंगावर सांडलेले पराग चाटले, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराच्या किडन्या निकामी होतात. आधी उलट्या होतात, मग थांबतात. आपल्याला वाटतं, बरी झाली. पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झालं तर आशा असते.

मनी प्लँटचं एवढं भय नाही. चावला तर तोंड आग करेल, लाळ गळेल. आपल्या अळूला असते तीच खाज, आजी चिंच घालून मारायची ती. तरी उंच टांग. पीस लिलीचंही तसंच, ती नावाचीच लिली. स्पायडर प्लँट, अरेका पाम खुशाल ठेव. पण ती टेबलावरची लिली... बघ, पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस.

आपली पिंगी मांजर पाल खाल्ल्याने गेली असं तुला सांगितलं होतं. तू सातवीत होतीस, सहामाही चालू होती. अमोलकाकाच्या साखरपुड्याचे गुच्छ घरी आणलेले. सकाळी पिंगीच्या नाकाला, मिशांना पिवळी पूड लागलेली. मी पदराने नाक पुसलं आणि "नवरीआधी हिलाच हळद लागली" म्हणून हसले. तिसऱ्या दिवशी ती मोरीतल्या गार फरशीवर पडली होती. हनुवटी पाण्याच्या वाटीच्या काठावर, पण पाणी पीत नव्हती. डॉक्टर किडनी म्हणाले. फुलांचं तेव्हा मला सुचलंच नाही. फार उशिरा कळलं, आणि मग तुला सांगायचा धीर झाला नाही.

गुच्छ आत्ता घराबाहेर काढ. पाणी ओतून टाक, टेबल ओल्या फडक्याने पूस. ढमीचं अंग नीट बघ, कुठे पिवळं दिसलं तर तिला चाटू न देता पूस आणि तशीच डॉक्टरांकडे ने, उलटीची वाट बघू नकोस.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिच्या नाकाचा एक फोटो तेवढा पाठव.

तुझी आई