सुमे, पिल्लू आणू नकोस!

प्रिय सुमे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, शिव्या घाल. गुडघे तसेच आहेत. पण काल वहिनींकडून कळलं, विन्याची कुत्र्यांची भीती मोडायला तू कुत्र्याचं पिल्लू आणतेयस. अगं, थांब!

पिल्लू म्हणजे उड्या, चाटणं, बारीक दात. पस्तिशीतला माणूस, घरातच कोंडल्यासारखा होईल. त्यापेक्षा जोशीकाकांची कुत्री राणी बरी; म्हातारी, संथ. पट्टा आखूड, धरणारा ओळखीचा, राणीचं तोंड विन्याकडे नको. सुरुवात बंद फाटकाआडून, वीसेक मीटरवरून, विन्याच्या हातात त्याचा रेडिओ. आपलं जुनं भांडण आठवतं? तुझं म्हणणं, आधी अंग सैल सोडायला शिकवू. 'सैल सोड' म्हटल्यावर त्यानं हातातली पिशवी सोडली होती! शब्दांनी त्याचं अंग सैल पडत नाही, रेडिओनं पडतं. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईनं १९२४ साली मांडलेल्या प्रयोगात सशाला घाबरणाऱ्या छोट्या पीटरला खाऊ देत देत ससा जवळ आणला होता, तसंच हे.

'दहापैकी किती भीती?' विचारू नकोस, 'सात' म्हणून मोकळा होईल. मुठी, खांदे, श्वास बघ. लागोपाठ दोन दिवस मुठी उघड्या राहिल्या, तरच दोन-तीन मीटर पुढे. एका वेळी पंधरा मिनिटं पुरे. राणीला आधी दुसऱ्यानं हात लावायचा, मग विन्यानं, तोही पाठीवर. त्याचा हात ओढायचा नाही. 'काही करत नाही रे ती' तर अजिबात नको. शेपटी लागली तरी तू खोटी ठरशील. त्यानं 'थांब'चं कार्ड दाखवलं की दहा पावलं मागे, तिथे शांत झाला की मगच घरी. घाबरलेला असतानाच घरी नेलंस, तर पळालं की सुटका, एवढंच शिकेल.

राणी जमली म्हणजे गल्ली जमली असं नाही. रंगानं, आकारानं वेगळी आणखी दोन-तीन कुत्री लागतील. गल्लीत दुपारी जा, तेव्हा ती सावलीत पडलेली असतात. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, खाणाऱ्या किंवा व्यालेल्या कुत्रीला वळसा घालायचा, खिशात बिस्किटं नकोत. त्याची सगळी भीती काही खुळी नाही! चावलं किंवा ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचं, त्याच दिवशी लस.

आणि त्यानं कुत्री कुरवाळावीत हा हट्ट सोड. कार्यशाळेची बस गाठली की झालं.

तुझ्या बदलीचं काय? अभिनंदन करू की सांत्वन? जोशीकाकांना मीच फोन करते, तू भिडस्त.

तुझी,
मंगल