पहिले यंत्र कोण घेणार? मंत्री महोदयांस खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
(उद्योजकता व नावीन्यता यांचा कार्यभार)
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार. गेल्या सोमवारी टपालाने मला एका शासकीय कार्यालयाचे चार ओळींचे पत्र मिळाले. योजनेचा कालावधी संपल्यामुळे आपले देयक व उर्वरित खरेदीचा प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे, म्हणजे फाइल बंद, एवढाच त्यातला मजकूर. मी औसा तालुक्यात तुरीची डाळ करण्याची छोटी यंत्रे बनवतो. दोन वर्षांपूर्वी नवउद्योजकांच्या एका स्पर्धेत माझ्या यंत्राची निवड झाली, तेव्हा व्यासपीठावरून भरसभेत शब्द देण्यात आला होता की निवडलेल्या यंत्रांचा पहिला ग्राहक शासन स्वतः होईल. त्या शब्दावर विसंबून मी कर्ज काढले आणि लेखी आदेश हातात आल्यावर चार यंत्रे पोहोचती केली. 6,84,000 रुपयांचे ते देयक आज सतरा महिने थकले आहे. आता ते दप्तरी दाखल झाले असेल, तर माझे कर्जही कोणी दप्तरी दाखल करून घेणार आहे का, हे आपण मला सांगावे.

यंत्र काय आहे हे आधी सांगतो, कारण या दोन वर्षांत त्याविषयी मला कोणी विचारलेच नाही. तुरीची डाळ करायची म्हणजे तूर खरडायची, तिला तेल-पाणी द्यायचे, उन्हात वाळवायची, पुन्हा खरडायची आणि मग भरडायची. सगळी मेख वाळवणीत आहे. आभाळ आले की काम थांबते, ओल राहिली की साल सुटत नाही आणि डाळीपेक्षा चुनी, म्हणजे तुकडे आणि भुसाच, जास्त पडते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळमिल शेतकऱ्यांनी पूर्वीच स्वीकारलेली आहे आणि तिच्यावरूनच मी शिकलो, हे कबूल करतो. मी भर घातली ती एवढीच, की तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर तापणाऱ्या हवेने तूर फिरत्या ड्रममध्ये वाळते आणि यंत्र गावातल्या सिंगल फेज विजेवर चालते. संध्याकाळी तेल-पाणी दिलेली तूर सकाळी भरडायला तयार होते. ज्या तुराट्या आमच्याकडे बांधावर जाळून टाकतात, त्यांवरच ही भट्टी चालते.

लातूरच्या मोंढ्यात तूर विकून त्याच गावच्या दुकानातून डाळ विकत घेणारा शेतकरी माझ्या घरात होता. माझे वडील आयुष्यभर तेच करत आले. तीन बचत गटांकडे दिलेली तीन यंत्रे आज चालू आहेत आणि एका गटातल्या बायकांनी मागच्या हंगामात आपल्या डाळीच्या पिशव्यांवर आपल्या गावाचे नाव छापून घेतले. त्या पिशव्या पाहिल्या त्या दिवशी मला सगळे श्रम भरून पावल्यासारखे वाटले होते.

चौथे यंत्र प्रात्यक्षिकासाठी म्हणून त्याच कार्यालयाच्या आवारात ठेवून घेण्यात आले. गेल्या सोमवारचे पत्र वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी ते पाहायला गेलो. दुचाकी लावायच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते एका कोपऱ्यात सरकवलेले होते. मोटारीवरचा पट्टा कोणीतरी काढून नेला होता. हॉपरवर फळी टाकून तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवला होता आणि त्याच्या तोटीतून गळणारे थेंब नेमके शाफ्टच्या बेअरिंगवर पडत होते. बेअरिंगच्या कडेला तांबूस गंजाचा थर चढला होता. मी बोटाने तो खरवडला, तर त्याखाली आणखी गंज. ते बेअरिंग बसवताना आमचा वेल्डर आणि मी रात्री दोनपर्यंत जागलो होतो. तिथल्या शिपायाने मला ओळखले नाही आणि पाणी हवे असेल तर घ्या, असे आपुलकीने सांगितले. त्याचा काही दोष नाही. ते यंत्र आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

या सतरा महिन्यांत काय झाले तेही ऐकावे. सूक्ष्म व लघुउद्योगांना 10 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, अशी तेव्हा रिझर्व्ह बँकेची सूचना होती. तरी कर्ज काढताना माझ्या शाखेने सातबारा मागितला. आमचा सातबारा चुलत्यांसह सामाईक असल्याने तो उपयोगाचा नव्हता, म्हणून मी एका पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने पैसे घेतले. ते व्याज मी देयकाची वाट पाहत भरत राहिलो. आठ माणसांची कार्यशाळा आज तिघांवर आली आहे. ज्याच्या हाताला सफाई होती तो वेल्डर चाकणला कंत्राटावर गेला. एक मुलगा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेला. त्याला मी चार वर्षे खपून लेथ शिकवला होता. मराठवाड्यातून कोयता घेऊन जाणाऱ्या माणसांविषयी भाषणे पुष्कळ होतात, परंतु कोयता खाली ठेवलेल्या एका पोराच्या हातात तो पुन्हा कसा आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्याला मी थांब म्हणू शकलो नाही, कारण त्याचा दोन महिन्यांचा पगार माझ्याकडे बाकी होता.

महोदय, कायदा माझ्या बाजूने आहे, म्हणूनच जास्त यातना होतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सांगितले आहे की अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे आणि अशी तक्रार याच कायद्याखाली नेमलेल्या परिषदेकडे गेल्यास त्या परिषदेने 90 दिवसांत निर्णय द्यावा. शासनाला यातून सूट नाही. मी अर्ज केला. आजवर तीन तारखा झाल्या आणि तिन्ही वेळा समोरची बाजू हजर राहिली नाही. प्रत्येक तारखेला माझा एक दिवस आणि कार्यशाळेची एक पाळी बुडाली. मी व्याज मागत नाही. मला माझ्या लोखंडाचे, मोटारीचे आणि मजुरीचे पैसे हवे आहेत.

आता एका दूरच्या प्रदेशाची गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या तुरीशी बांधलेली आहे. आपला देश आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर तूर आणतो. 2016 मध्ये मोझांबिकशी आणि 2021 मध्ये मलावीशी तसे करार झाले. मलावीचा करार वर्षाला 50,000 टनांचा होता. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायला आलेला मलावीचा एक तरुण माझ्या कार्यशाळेत दोन दिवस राहून गेला. तुरीला ते नांडोलो म्हणतात. त्याच्या गावातही शेतकरी अख्खी तूर विकतो आणि डाळीचा नफा दुसराच कोणी खातो. आमच्या दोघांच्या गावांचे दुखणे एकच निघाले. परत गेल्यावर त्याने आपल्या सहकारी संस्थेशी बोलून मला विचारले, की तुमच्या सरकारने हे यंत्र घेऊन वापरले असेल, तर तेवढा दाखला पाठवा. आम्ही सुरुवातीला पाच यंत्रे घेऊ. तो दाखला माझ्याकडे नाही. माझ्याकडे दप्तरी दाखल झाल्याचे पत्र आहे. ते त्याला कोणत्या तोंडाने पाठवू?

त्या खंडात सगळे सुरळीत आहे असे मी म्हणत नाही. विजेचे आणि डॉलरच्या टंचाईचे हाल तो तरुण स्वतःच सांगत होता, आणि आफ्रिकी देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या 15 टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. तरीही 55 पैकी 54 देशांनी खंडव्यापी मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या केल्या आणि 1 जानेवारी 2021 पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. एका देशातल्या खरेदीदाराने आपल्या चलनात पैसे भरावेत आणि दुसऱ्या देशातल्या विक्रेत्याला ते त्याच्या चलनात मिळावेत, यासाठी 2022 च्या जानेवारीत त्यांनी स्वतःची देयक व्यवस्था उभारली. नायजेरियातील उद्योगपती टोनी एलुमेलू यांचे प्रतिष्ठान 2015 पासून खंडभरातल्या निवडक नवउद्योजकांना प्रत्येकी 5,000 डॉलर बीजभांडवल देते. नव्या धंद्याचा जीव पहिल्या पैशात आणि वेळेवर मिळणाऱ्या पैशात असतो, हे त्यांना कळले आहे. आम्हाला मात्र लातूरहून मुंबईकडे सतरा महिने नुसते पाहत बसावे लागते.

हे एका कार्यालयाचे काम असते, तर मी आपणास लिहिले नसते. 16 सप्टेंबर 2023 रोजी मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली आणि मराठवाड्यासाठी 45,000 कोटींहून अधिक रकमेच्या घोषणा झाल्या. त्याआधी 2016 मध्येही तिथेच बैठक होऊन तशाच मोठ्या आकड्यांची घोषणा झाली होती. आमच्या अनुशेषाचा हिशेब मागण्यासाठी जे विकास मंडळ होते, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला सुमारे 10,000 एकरांची औद्योगिक नगरी उभी राहत आहे, तिचे मी स्वागतच करतो. मोठे कारखाने यायलाच हवेत. परंतु मोठ्या कारखान्याला जमीन, पाणी, वीज आणि रस्ता आधी मिळतो आणि नंतर तो उत्पादन काढतो. आमच्यासारख्याने आधी यंत्र बांधायचे, पोहोचवायचे आणि मग स्वतःच्याच पैशासाठी तारखा घ्यायच्या. नावीन्याच्या नावाने आम्हाला प्रमाणपत्र मिळते, शाल मिळते, छायाचित्र मिळते. यंत्र विकत घेणारा मिळत नाही. गेल्या दोन वर्षांत मला अशा पाच प्रशिक्षणांना बोलावण्यात आले आणि पाचही ठिकाणी धंद्याचा आराखडा कसा मांडावा हेच शिकवले. मांडलेला आराखडा कोण विकत घेईल, याचे उत्तर एकाही वर्गात मिळाले नाही.

माझे मागणे फार नाही. चार यंत्रांचे पैसे द्यावेत. स्पर्धेतून निवडलेल्या वस्तूची पहिली खरेदी शासन करणार असेल, तर तिची रक्कम निवड जाहीर करण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावी, म्हणजे योजनेचा कालावधी संपल्याचे कारण कोणाला सांगता येणार नाही. परिषदेपुढे गैरहजर राहणाऱ्या शासकीय खरेदीदाराविरुद्ध 90 दिवसांच्या आत निर्णय व्हावा. आणि जी यंत्रे गावात चालत आहेत, त्यांची तपासणी करून तसा लेखी दाखला द्यावा. या शेवटच्या कामाला शासनाचा एक रुपयाही लागणार नाही. एका अभियंत्याने अर्धा दिवस औशापर्यंत यायचे आहे.

मलावीत तुरीची काढणी आमच्या पावसाळ्याच्या आसपास होते आणि त्या संस्थेने जूनपर्यंत उत्तर मागितले आहे. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी टेम्पो घेऊन त्या कार्यालयाच्या आवारात येणार आहे. देयकाचा धनादेश मिळाला तर यंत्र तिथेच राहील आणि त्याचे बेअरिंग मी माझ्या खर्चाने बदलून देईन. तो मिळाला नाही, तर यंत्र परत नेत असल्याची पोच मला सही-शिक्क्यानिशी हवी आहे.

आपला,
तालुका औसा, जिल्हा लातूर येथील एक लघुउद्योजक