कधीतरीच दुखणारी दाढ

कराड,
सोमवार, रात्री

चि. मनीषा हिस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू पहाटेच्या गाडीने निघालीस आणि मी जागा असूनही बाहेर आलो नाही, याची रुखरुख चार दिवस लागून राहिली आहे. फोनवर आपण दोघेही नीट बोलत नाही, म्हणून लिहीत आहे. दाढेविषयी अवाक्षर लिहिणार नाही, असे तुझ्या आईला कबूल केले होते. परंतु कागद पुढे ओढल्यावर मला दुसरे काही सुचत नाही.

मी काय पाहिले, ते एकदा शांतपणे सांगतो. चकलीचा तुकडा उजव्या बाजूला गेला, तू तो चावलास आणि चावा सोडताना तुझा डोळा बारीक झाला. चावताना नव्हे, सोडताना. त्यानंतर सगळा फराळ तू डाव्या बाजूने खाल्लास. मी विचारले तेव्हा म्हणालीस, "रोज नाही दुखत बाबा, कधीतरीच. आणि फोटोत काही निघालेले नाही." मग मी तुझ्या नोकरीवर घसरलो आणि तू ताटावरून उठलीस. नोकरीबद्दल जे बोललो, ते मी मागे घेतो. दाढेबद्दलचे घेत नाही.

शनिवारी माझी हिरडी दाखवायला चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, तेव्हा तुझा विषय काढलाच. दाढ पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. चावताना मधूनच दुखण्याची कारणे अनेक असतात: नवे भरलेले सिमेंट किंचित उंच राहिलेले असते, जुन्या भरणीखाली कीड लागलेली असते, हिरडीच्या खाचेत पू धरलेला असतो, सर्दी भरली असेल तर वरच्या दाढा एकदम तीन-चार दुखतात आणि खाली वाकले की ठणकतात. पण दुखणे खालच्या एकाच दाढेत, तेही कधी शेंगदाण्याने उठते आणि कधी पोळीनेही, थंड पाण्याने क्षणभर कळ येते आणि सर्वांत मोठी कळ चावा सोडताना येते, एवढे ऐकल्यावर त्या म्हणाल्या की दाढेला तडा गेलेला असू शकतो. दाब पडला की तडा उघडतो, दाब सुटला की झटकन मिटतो, आणि दाताच्या आतल्या थरात ज्या केसाहून बारीक नळ्या असतात त्यांतील द्रव हलून नस चमकते. दाणा नेमका दाढेच्या तडकलेल्या उंचवट्यावर आला तरच हे घडते. म्हणून ते कधीतरीच.

आता तुझ्या फोटोविषयी. एक्स-रे म्हणजे सावली. दाढेतील तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि किरण त्याला आडवे, गालाकडून जिभेकडे जातात. त्यामुळे तड्याच्या दोन्ही बाजूंची सावली एकमेकींवर पडते आणि रेघ दिसतच नाही. वरून ठोकून पाहिले तरी अशी दाढ पुष्कळदा दुखत नाही. म्हणून फोटोत काही निघाले नाही याचा अर्थ दाढेत काही नाही असा होत नाही, आणि तुझ्या तिकडच्या डॉक्टरांनी तुला तो तसा घेऊ दिला याचा मला राग आहे. खरी तपासणी निराळीच असते. दाढेच्या एकेका उंचवट्यावर लहानशी कांडी ठेवून चावायला आणि सोडायला सांगतात, दाताच्या एका अंगाने उजेड टाकून तो तड्यापाशी अडतो का पाहतात, निळा रंग लावून पुसतात आणि रेघेत तो उरतो का पाहतात.

तो निळा रंग ऐकला आणि मला वर्कशॉपमध्ये गेल्यासारखे झाले. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याला तडा गेल्याचा संशय आला की आम्ही पाटा घासलेटने भिजवायचो, कोरडा पुसायचो आणि वर खडूची पूड फासायचो. थोड्या वेळाने तड्यातले घासलेट वर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उमटायची. गाडी उभी असताना तो पाटा अगदी धडधाकट दिसे. ड्रायव्हर तक्रार घेऊन येई, "रोज नाही, कधीतरीच आवाज येतो," आणि त्याला हसणारे हसत. मी कधी हसलो नाही. हे मी माझी बढाई म्हणून सांगत नाही. अर्थात थोडी आहे.

आणि तुला मी हे काय सांगावे? चाकणला तुझ्या कंपनीत तू मला ते यंत्र दाखवले होतेस, जे एकच सुटा भाग लाखो वेळा वाकवते आणि तो कितव्या फेऱ्याला तडकतो ते मोजते. तुझ्या साहेबांसमोर तू मला "हे माझे बाबा, पस्तीस वर्षे एस.टी.त मेकॅनिक होते" असे सांगितलेस, आणि मला उत्तर देताना आवंढा गिळावा लागला होता. आयुष्यभर हातांनी ओळखत आलेल्या गोष्टीला फटीग, म्हणजे धातूचे थकणे, म्हणतात, हे त्या दिवशी मला माझ्या मुलीने शिकवले. तीच मुलगी स्वतःच्या दाढेला मात्र "चालतेय तोवर चालू दे" म्हणते.

त्याच दाढेत तू अकरावीत असताना चांदी भरून घेतली होती. तिच्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो, हे कळल्यावर तू खुर्चीवर तोंड उघडे ठेवूनच डॉक्टरांना काहीतरी विचारत होतीस आणि ते बिचारे "आधी मिटा, मग विचारा" म्हणत होते. मोठी भरण असलेल्या दाढेच्या भिंती पातळ उरतात आणि तडा अशा दाढेला सहज जातो. हा जुना धागा तुझ्या लक्षात असावा, म्हणून लिहिले.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. डावीकडची खालची दाढ मी आठ महिने लवंग धरून काढली, कारण माझीही कधीतरीच दुखायची, आणि रजा मागायला जीव होत नव्हता. लवंगेने बधिरपणा येतो, तडा काही सांधत नाही. कामावर मनगटाचे हाड मोडले होते, ते जुळून आले. दाताचे तसे नाही, त्याच्या वरच्या कवचात जिवंत असे काही नसतेच, मग ते भरून कसे येणार? खंबाटकीच्या घाटात बंद पडलेल्या गाडीखालून निघालो, फुटाण्यांची मूठ तोंडात टाकली आणि दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेली होती, काढावीच लागली. तडा वरच असताना गेलो असतो, तर टोपी बसवून दोन्ही भाग बांधून ठेवता आले असते. तडा आतल्या नसेला जाऊन भिडला असता, तर आधी रूट कॅनाल आणि मग टोपी. आता वरची दाढ त्या मोकळ्या जागेत खाली उतरली आहे आणि तुझी आई माझी भाकरी दुधात कुस्करते. बारक्याला हे सांगू नकोस, तो चेष्टा करतो.

एक गोष्ट लिहू की नको, असे करत इथवर आलो. तुम्ही दोघी माजघरात झोपला होता आणि रात्री दोन वाजता मला बाहेरच्या खोलीत तुझे दात वाजलेले ऐकू आले. तुझी आई म्हणते, तिन्ही रात्री तसेच होते. लहानपणी तू दात खायचीस तेव्हा आजीने जंत म्हणून तुला वावडिंग पाजले होते आणि तू ते अंगणात थुंकले होतेस. आता वावडिंगाचे वय राहिले नाही. झोपेत दात खाताना जो जोर पडतो, तो जागेपणीच्या चावण्याहून पुष्कळ अधिक असू शकतो, आणि तडा जाण्याचे तेही एक कारण आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर रात्री दातांवर घालायची खोळ मापाने करून मिळते. पण मनीषा, तू कोणावर दात खाते आहेस? हे मी त्या दिवशी ताटावर विचारायला हवे होते, आणि मी नोकरी सोड म्हणालो. सांगायचे नसेल तर सांगू नकोस. दाढ तेवढी दाखव.

पुन्हा तेच झाले. क्षमा कर.

तपासून होईपर्यंत बर्फ, सुपारी, चिक्की वर्ज्य कर. गरम किंवा थंड लागल्यावर कळ मिनिटभराहून अधिक रेंगाळू लागली, दाढेने झोपमोड झाली किंवा गाल सुजला, तर त्या दिवशी रजा पडली तरी चालेल, पण थांबू नकोस. जाताना "चावा सोडताना दुखते" हे वाक्य आठवणीने सांग. नुसते "दुखते" म्हणालीस तर पुन्हा फोटोच काढतील. टोपीच्या खर्चाची चिंता करू नकोस, आणि तुझ्या पगारापुढे माझे पेन्शन किती, असे म्हणत आईवर रागावूही नकोस. शनिवारी मी सोबत यायला तयार आहे. नको असेल तर कळव. मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईने डब्यात बेसनाचे लाडू दिले आहेत. चकल्या आम्ही ठेवून घेतल्या.